बारा शेळ्यांचे बारा खिसे

थंडी पडली की माझा उजवा अंगठा खाजतो. तळहात खाजला की लक्ष्मी येते म्हणतात. अंगठा खाजला की काय येतं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय, तो पौष येतो. तीन वर्षांपूर्वीचा. परवा सकाळी उल्हास नदीवरचं धुकं आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपर्यंत आलं, बदलापूरच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग लागले, आणि चहाचा कप हातात घेतला तर अंगठा खाजायला लागलाच. नखाच्या बाजूला एक पांढरट ठिपका आहे. बघणाऱ्याला दिसणारही नाही एवढा. पण मी मोठ्या कौतुकाने तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. आमचे हे म्हणतात, "लोक सोन्याच्या अंगठ्या दाखवतात, ही पुळीचा वण दाखवते."

दाखवणारच. असा वण मिळवायला आधी किती मूर्खपणा करावा लागतो, ते यांना काय माहीत? म्हणजे, यांना माहीत आहे. सगळ्या सोसायटीला माहीत आहे. खाली नोटीस बोर्डावर माझ्याच अक्षरात लिहून लावलंय ते. पण त्यावर नंतर येते.

मी अंबरनाथला एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. अख्खी हयात काचेच्या नळ्या धुण्यात, त्यांवर चिठ्ठ्या डकवण्यात आणि दुसऱ्यांनी न डकवलेल्या चिठ्ठ्यांवरून आरडाओरडा करण्यात गेली. हात कोपरापर्यंत धुवायची सवय हाडात मुरली. सोसायटीत जिन्यावर कागदाचा कपटा दिसला तर मी तो उचलत नाही. ज्याचा असेल त्याची बेल वाजवते. 'थुंकू नये', 'चपला रांगेत ठेवाव्यात', 'कचरा म्हणजे दागिना नव्हे, दाराबाहेर मांडू नये', या सगळ्या पाट्या माझ्या. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला जातात, योगासनं करतात. मी शेळ्या घेतल्या. लहानपणी आजोळी शेळ्या होत्या, तो वास कुठेतरी नाकात राहून गेला होता बहुतेक. सोसायटीच्या मागे मोकळी जागा पडून होती. निम्म्या बिऱ्हाडांना शेळीचं दूध हवं होतं, त्यामुळे सभेत परवानगी मिळाली. पत्र्याचा गोठा उभा राहिला आणि त्यात अकरा सुरती शेळ्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, लांब कानांच्या, नाकात बोलणाऱ्या.

आणि शेळ्यांबरोबर आली हिराबाई. नदीपलीकडच्या गावातली, माझ्याच वयाची, काटक. शेळ्या नदीच्या उतारावर चारायला न्यायच्या, संध्याकाळच्या धारांना मदत करायची, आणि तिची स्वतःची एक शेळी, चांदी, आमच्याच गोठ्यात बांधायची, असं आमचं ठरलं. अकरा माझ्या आणि बारावी तिची. हिराबाई सगळ्या जगाला एकेरीत बोलते. उद्या कलेक्टर आला तरी "काय रं, बस" म्हणेल. मला मात्र मानाने 'म्याडमबाय' म्हणते आणि पुढे लगेच 'तू' म्हणते.

आमचं पहिल्या दिवशी भांडण झालं ते धारेवरूनच. माझी पद्धत अशी: पहाटेच्या गारठ्यात बादलीभर कोमट पाणी, त्यात दोन थेंब जंतुनाशक, आणि एक मऊ, स्वच्छ, रोज संध्याकाळी उकळलेलं फडकं. ते पिळायचं, शेळीची कास आणि सड नीट पुसायचे, मग धार काढायची. मग पुढची शेळी, मग तिच्या पुढची, ओळीने अकराही. कोमट फडकं लागलं की शेळी डोळे मिटायची, पान्हा सोडायची. मला धन्य वाटायचं. हिराबाई मात्र चांदीखाली बसायची ती हातावर पाणी घेऊन हात धुवायची, पदराला कोरडे करायची, आणि कास नुसत्या हाताने झटकून लागलीच धार काढायची. मी म्हणायचे, "अगं अडाणी, पूस तरी! दूध पितात लोक."

"माझे चांदीला फडका नको," एवढंच ती म्हणायची.

"का?"

"नको म्हंजे नको, बाय."

मग मी आमच्या ह्यांच्याकडे बघून कपाळाला हात लावायचे.

पौष लागला आणि एका सकाळी लालीच्या सडाच्या मुळाशी मला तीन पुळ्या दिसल्या. लहान, तांबूस, टोकाला पिवळट. उन्हाळ्यात आपल्या मानेवर येतात तशा. मी हळद आणि कडुलिंबाचं तेल लावलं. दोन दिवसांनी बिजलीला आल्या, मग मैनेला. आठवड्याभरात पाच जणी झाल्या. पुळी फुटायची, खपली धरायची, शेजारी नवी उठायची. लाली तर सडाला बोट लागलं की पाय झाडायची, दुधाचं भांडं लाथाडायची. तिचं करडू प्यायला आलं की त्यालाही ढकलायची. ते बिचारं गोठ्याच्या मधोमध उभं राहून ओरडायचं. त्या ओरडण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि मला घास गिळवत नसे.

हिराबाई म्हणाली, "देवी आली."

"देवी-बिवी काही नाही," मी फटकारलं. आमच्या घरात आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून देवी आलेली नाही आणि माझ्या गोठ्यात तर ती येणारच नव्हती. हिराबाईने वाद घातला नाही. तिने गोठ्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, चांदीला उचललं आणि पार कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन बांधलं. मी मनात म्हटलं, घे, आपला तो बाब्या!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आल्या. तरुण पोरगी, पण हात अनुभवी. लालीची कास बघताना तिच्याशी गप्पा मारत होत्या आणि लाली चक्क ऐकत होती. "देवी नाही," त्या म्हणाल्या, आणि मी हिराबाईकडे विजयी मुद्रेने बघितलं. "देवीच्या पुळ्या वेगळ्या. हा कातडीवरचा जंतू आहे. पुवाच्या पुळ्या. मरत नाही कुणी याने, पण पसरतो फार. एकीकडून दुसरीकडे जातो, आणि माणसाच्या हातालाही लागतो." धुवायला आयोडीनचं औषध दिलं, लाली आणि बिजलीला इंजेक्शनं टोचली, पुळ्यावाल्यांचं दूध फेकून द्यायला सांगितलं. आणि निघताना, हेल्मेट घालताघालता म्हणाल्या, "स्वच्छता पाळा, म्हणजे झालं."

स्वच्छता पाळा! मला सांगतेय! मी दिवसभर धुमसत होते. आणि दुसऱ्या दिवसापासून मी अशी काही स्वच्छता सुरू केली म्हणता, की शेळ्यांना पळता भुई थोडी झाली. बादलीत आयोडीनचं औषध घातलं, आणि पूर्वी फडकं एकदा फिरायचं ते आता दोनदा फिरायला लागलं, सकाळ-संध्याकाळ. लालीपासून सुरुवात करायची, कारण ती आजारी, बिचारी, तिला आधी बरं वाटायला हवं. मग बाकीच्या. पुसून-पुसून कासा कशा आरशासारख्या लखलखायच्या!

दहा दिवसांत अकराच्या अकरा शेळ्यांना पुळ्या झाल्या. आणि माझ्या अंगठ्याला बारावी.

आमच्या ह्यांनी त्या दिवसापासून माझा चहा वेगळ्या कपात, आणि सगळ्यांचा झाल्यावर द्यायला सुरुवात केली. "आधी निरोगी माणसं, मग कळपातली आजारी," हे म्हणाले. मी रागाने कप आपटला. पण हे बोलून गेले ती गोष्ट पुढे कामाला येणार होती, हे ना त्यांना माहीत होतं ना मला.

त्या दिवसांतला वास अजून नाकात आहे. आयोडीनचा उग्र वास, ओल्या पेंढ्याचा, आणि वारा फिरला की अंबरनाथच्या बाजूने येणारा तो केमिकलचा गोडसर वास, ज्यात माझी अख्खी नोकरी गेली. सकाळी शेळ्यांच्या तोंडातून वाफा निघायच्या. एरवी मी आले की अकराही उठून उभ्या राहायच्या, एकमेकींवर चढायच्या. त्या पौषात मला बघून त्या मागे सरकायला लागल्या. बादलीची कडी वाजली की भिंतीला चिकटायच्या. ज्या मुक्या जिवांसाठी मी उठत-बसत होते, त्यांनीच माझ्यापासून दूर व्हावं, याने मला रडू यायचं. रडायचे मी, खोटं कशाला सांगू? पेंढ्याच्या गंजीमागे बसून, नाकाला पदर लावून रडायचे.

आणि मग कर्णिकसाहेब आले. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट घालून फिरायला जाणारे. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या चपला रांगेत नसल्याबद्दल मी त्यांना तीन वेळा बेल वाजवून सांगितलेलं. त्यांनी दारातूनच आत बघितलं, नाकाला रुमाल लावला.

"गायकवाडबाई, माणसांना लागतो म्हणे हा रोग?"

मी अंगठा पदराआड केला. "लागू शकतो. दूध मी बंद केलंय सगळ्यांचं."

"दुधाचं सोडा. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, करडांशी खेळायला येतात. लोक माझ्याकडे येतायत." त्यांनी घसा साफ केला. "महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी सभा आहे. तोपर्यंत कळप बरा झाला तर ठीक. नाहीतर गोठा उठवावा लागेल. माझा नाइलाज आहे."

गोठा उठवायचा म्हणजे शेळ्या कुठे जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. कासेला रोग असलेली दुधाची शेळी पाळायला कोण घेणार? ती बाजारात जाते आणि तिथून एकाच वाटेने जाते. दाराशी हिराबाई उभी होती. तिने एकदा चांदीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

सभेला बरोबर तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हताश होऊन गोठ्यात उलट्या बादलीवर बसले होते. उन्हाची तिरीप टाकीपलीकडे गेली होती, आणि तिथे चांदीखाली बसून हिराबाई धार काढत होती. भांड्यात सरसर आवाज येत होता. चांदी निवांत रवंथ करत होती. आणि मला दिसली तिची कास. गुलाबी, गुळगुळीत, एक डाग नाही, एक पुळी नाही.

मी उठले. जवळ जायला लागले तर हिराबाईने न बघता म्हटलं, "तिथूनच बघ, बाय."

मी तिथूनच बघितलं. एकच गोठा होता. एकच पाणी, एकच पेंढा, दिवसभर एकाच उतारावर चरतात. कोपऱ्यात बांधली तीही नंतर, पाच जणींना झाल्यावर. मग हिला का नाही? प्रयोगशाळेत आम्ही हेच तर करायचो. अकरा नळ्या बिघडल्या आणि बारावी ठीक आहे, तर बाराव्या नळीत काय वेगळं केलं ते शोधा. काय वेगळं होतं? हिराबाईचा हात. आणि फडकं नाही.

माझं फडकं!

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काकू, कास पुसायची फडकी किती आहेत?"

"एक. पण रोज संध्याकाळी उकळते हं मी!"

"हो, पण उकळल्यावर ते अकरा जणींना तेच?"

"तेच," मी म्हटलं.

"आणि सुरुवात कुणापासून करता?"

"लालीपासून," मी म्हटलं. "तीच सगळ्यात आजारी म्हणून."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्या बाईने हयातभर एका नळीतली काडी दुसऱ्या नळीत घातली म्हणून ज्युनियर मुलींना रडवलं, तिने लालीचा पू सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यात भिजवून, मायेने, दहा शेळ्यांना लावला होता. पुसून-पुसून लावला होता. रोग शेळ्यांनी नव्हता पसरवला. मी पसरवला होता. डॉक्टरीणबाई चांगली पोरगी. रागावली नाही. म्हणाली, "काकू, आता प्रत्येकीला वेगळं फडकं. हातमोजे घाला. आधी बऱ्या असतील त्या, मग कमी पुळ्यांच्या, सगळ्यात आजारी सगळ्यात शेवटी. तीन आठवडे खूप झाले. होईल." मला आमच्या ह्यांचा चहा आठवला.

अकरा शेळ्या, दोन वेळा, म्हणजे रोज बावीस फडकी. तीही मऊ, तीही उकळता येणारी. घरातल्या जुन्या साड्या फाडल्या तर त्या सगळ्या नायलॉनच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या स्कूटरवर बसून मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. तिथल्या एका गल्लीत मोहनभाईंचा जीन्स शिवायचा कारखाना आहे, एका खोलीत आठ मशीनं. ते आमच्या ह्यांचे जुने ओळखीचे. मशीनांच्या खडखडाटात, निळ्या धाग्यांच्या धुरळ्यात मी त्यांना सगळं ओरडून सांगितलं.

"बकरी के लिए कपडा? अरे दादी!" सिंधी माणसं मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, त्यामुळे मी रागावले नाही. मोहनभाईंनी टेबलाखालून एक गोणी ओढली. त्यात जीन्सचे आतले खिसे होते. पांढरे, सुती, मऊ. "एक बाजू उलटी शिवली कारीगराने. सब रिजेक्ट. ले जाओ."

मी एक खिसा उचलला आणि सहज त्यात हात घातला. मनगटापर्यंत बसला. हातमोजाच की! असा हात घालून कास पुसायची, काढायचा, दुसरा घालायचा. मी तिथेच, सगळ्या कारीगरांसमोर, हवेत शेळी पुसून दाखवली. मशीनं थांबली. मोहनभाई टेबलावर हात आपटून हसायला लागले.

मग प्रश्न आला, कुणाचा कुठला ते कळणार कसं. नावं लिहावीत तर हिराबाईला वाचता येत नाही. मोहनभाईंनी मागच्या फळीवरून धाग्यांच्या रिळांची टोपली काढली. रंगांची नावं त्यांना बाराखडीसारखी पाठ. "ये रानी, ये फिरोजी, ये अंगूरी, ये मेहंदी, ये बिस्किटी..." एकेका रंगाने दोन-दोन खिशांच्या काठावर टाका मारून घेतला आणि उरलेला धागा वेणी घालून शेळीच्या गळ्यात बांधायला दिला. लालीला राणी, मैनेला फिरोजी, बिजलीला अंगूरी. अकरा रंग झाल्यावर मी थांबले.

"आणि एक, मोहनभाई. चांदीसाठी."

"सिल्वर?"

"नाही. लाल द्या."

हिराबाईने मात्र तो घेतला नाही. "माझे चांदीला फडका नको," तेच जुनं पालुपद. मी लाल खिसा दोरीवर टांगून ठेवला आणि पहिल्यांदा तिला 'अडाणी' म्हणाले नाही.

पुढचे तीन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर काळ, असं म्हटलं तर हे हसतात. हसू देत. मोठ्या पातेल्यात खिसे उकळायचे, लाकडी दांड्याने ढवळायचे. मागच्या भिंतीपासून जांभळीच्या झाडापर्यंत दोरी, आणि तिच्यावर ओळीने पांढरे खिसे, काठावर रंगांची रेघ. उन्हात वाळले की कडक व्हायचे, त्यांना उन्हाचा खरपूस वास यायचा. वरच्या गॅलऱ्यांतून बायका विचारायच्या, "गायकवाडकाकू, हे काय वाळत घातलंय?" मी म्हणायचे, "सुनांचे रुमाल!"

हिराबाई शेळ्यांना रांगेत उभं करायची. आधी ज्यांच्या खपल्या पडल्या त्या, लाली सगळ्यात शेवटी. लालीला ते मुळीच पटायचं नाही, ती मान पुढे काढून ओरडायची. "थांब गो," हिराबाई दटावायची, "तुझा लंबर शेवटी. तू म्हातारी झालीस काय पहिली यायला?" जुना पेंढा काढून जाळला, जमीन चुन्याने पांढरी केली. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. नवव्या दिवशी मैनेच्या कासेवर नवी पुळी आली नाही. दहाव्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी मी चष्मा पुसून-पुसून बघितलं, मग हिराबाईला बोलावलं, मग ह्यांना बोलावलं. तिघं जण एका शेळीच्या मागे वाकून उभे होतो. "गेलं!" मी ओरडले. मैना दचकून उडी मारून पेंढ्यावर गेली.

मग एकेक करत सगळ्या सुटल्या. गुळी, शेवंता, टिकली. बिजलीच्या खपल्या पापडासारख्या सुटून पडल्या आणि खाली नवी गुलाबी कातडी निघाली. शेवटी एका दुपारी लालीचं करडू तिच्या पोटाखाली घुसलं, आणि तिने पाय झाडला नाही. करडू शेपटी थरथरवत ढुशा देत प्यायला लागलं. लाली डोळे मिटून उभी. मी आणि हिराबाई भिंतीला टेकून बघत राहिलो. माझ्या डोळ्यांना धार लागली. हिराबाईने पदर पुढे केला आणि म्हणाली, "पूस. ह्यो पदर माझा येकटीचाच हाय."

सभा गोठ्यातच घ्यायची, असा माझा हट्ट होता. रविवारी सकाळी अठरा-वीस माणसं नाकाला रुमाल लावून आली आणि आत शिरल्यावर रुमाल खिशात घातले. चुन्याची जमीन, सुका पेंढा, बारा पांढऱ्या शेळ्या, अकराच्या गळ्यात रंगीत वेण्या. कर्णिकसाहेबांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचून दाखवली: एकाही शेळीला रोग नाही. लोक माना डोलवायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या नव्या सूनबाईंनी विचारलं, "पण काका, आता बरा झाला तरी रोग शेळ्यांनीच आणला ना? म्हणजे पुढच्या थंडीत परत येणार. मग परत हेच?"

प्रश्न चुकीचा नव्हता. कर्णिकसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. "मुद्दा बरोबर आहे, गायकवाडबाई. रोग जर शेळ्यांचाच असेल, तर..."

त्या 'तर'च्या पुढे बाजार होता. माझ्यासमोर अकरा शेळ्या आणि मागे चांदी. गप्प बसले असते तर माझी अब्रू राहिली असती. चपलांच्या पाट्या, कचऱ्याच्या पाट्या, अख्ख्या सोसायटीत स्वच्छतेची एकच ठेकेदार म्हणून मिरवलेली मी. बोलायचं म्हणजे ज्यांच्या-ज्यांच्या बेला वाजवल्या त्या सगळ्यांसमोर हात दाखवून अवलक्षण. मी लालीकडे बघितलं. ती माझ्याच साडीचा काठ चघळत होती.

"शेळ्यांचा नाही," मी म्हटलं. "एखादी पुळी कुणालाही येते. पण अकरा जणींना मी लावली. एकच फडकं अकराही जणींना फिरवायचे, स्वच्छतेच्या नावाखाली. जितकं जास्त पुसलं, तितका रोग पसरला." मी अंगठा वर केला. "हा बघा, मलाही झाला. ज्या शेळीला माझं फडकं लागलं नाही, त्या हिराबाईंच्या चांदीला एक पुळी नाही. आता प्रत्येकीचा खिसा वेगळा आहे. मी सुधारले तर रोग येणार नाही. म्हणून गोठा उठवायचा असेल तर शेळ्यांना नको, मला उठवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. तळमजल्याच्या सूनबाईही हसल्या आणि लालीच्या कपाळावरून हात फिरवायला पुढे झाल्या. कर्णिकसाहेब गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे लेखी द्याल?"

"देते!"

"नोटीस बोर्डावर? तुमच्याच अक्षरात?"

"देते म्हटलं ना!"

"मग गोठा राहील," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले. तो कागद अजून बोर्डावर आहे: 'रोग शेळ्यांनी आणला नाही. मी पसरवला. आता फडकी वेगळी आहेत.' खाली माझी सही. पुढच्या वर्षी कोपरे फाटले तेव्हा मी काढायला गेले, तर कर्णिकसाहेबांनी तो परस्पर लॅमिनेट करून आणला होता. त्यांच्या चपला अजून रांगेत नसतात. मी आता बेल वाजवत नाही. माझ्या हाताने सरळ करते.

लोक पांगले. दुपारच्या उन्हात मी दोरीवरचे खिसे काढत होते. छाती अशी भरून आली होती की गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण मला एकही धड येत नाही. हिराबाई टाकीपलीकडे गेली, चांदीला सोडलं आणि आणून मधोमध, बाकीच्यांमध्ये बांधलं. मी विचारलं, "हिराबाई, तुला माहीत होतं ना? माझ्या फडक्याने होतंय म्हणून?"

"व्हता माहीत."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितला असता तर आयकला असतास?" तिने चांदीच्या पाठीवरून हात फिरवला. "तू म्याडमबाय. मी अडानी."

तिने टोमणा मारला नव्हता. जे होतं तेच सांगितलं होतं. सभेत वीस माणसांसमोर माझी मान खाली गेली नव्हती, ती इथे गेली. मी म्हटलं, "चुकले मी, हिराबाई."

तिने दोरीवरून लाल काठाचा खिसा काढला, नवाकोरा, एकदाही न वापरलेला. माझा उजवा हात धरला, पुळीचा ताजा वण असलेला अंगठा उलटसुलट करून बघितला, कोरडा झालाय ना याची खात्री केली. मग लहान मुलाला झबलं घालावं तसा तो खिसा माझ्या हातावर चढवला.

"आता काढ," ती म्हणाली, "माझे चांदीचा दूध."

मी खाली बसले. चांदीने एकदा मागे वळून बघितलं आणि पाय घट्ट रोवून उभी राहिली.